नखाची रेघ

मामांच्या उजव्या अंगठ्याचे नख बाकीच्या नखांपेक्षा लांब असे. त्यामागे हौस नव्हती, धंदा होता. दुकानांतल्या आणि दवाखान्यांतल्या पावत्या छापणारी छोटी यंत्रे दुरुस्त करणे हे त्यांचे काम. यंत्रातून कोरी पावती बाहेर पडते अशी तक्रार आली की ते स्क्रूड्रायव्हर काढण्याआधी कागदाच्या रोलवर नखाने एक रेघ ओढत. रेघ काळी उमटली तर ती बाजू छापण्याची. नाही उमटली तर ती नुसती पाठ. त्यावरून गावभर त्यांना ‘नखवाले मामा’ म्हणत. त्यांचे खरे नाव त्यांच्या बिलावर छापलेले असे, पण ते वाचण्याचे कष्ट फारसे कुणी घेतले असतील असे वाटत नाही.

त्यांच्याविषयी पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः तिघांच्या सांगण्यावर आधारलेले आहे: स्वतः मामा, त्यांची थोरली बहीण अक्का, आणि दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर बसणारी मुलगी. तिघांचे सगळेच जुळते असे नाही. जिथे जुळत नाही तिथे ओढूनताणून जुळवण्याचा प्रयत्न केलेला नाही.

मामा या धंद्यात आले तेव्हा छपाईला शाई लागत असे. यंत्रात फितीची डबी बसवायची, फीत फिरती आहे ना ते बघायचे, आणि संध्याकाळी मनगटापर्यंत काळे हात घेऊन घरी जायचे. ‘तुम्ही हात धुतलेत की साबणच काळा होतो,’ असे त्यांची बायको म्हणे. पुढे थर्मल यंत्रे आली आणि शाई गेली. या यंत्रांच्या कागदाला एका बाजूने उष्णतेने, अगदी नखाच्या घर्षणानेही, काळा पडणारा लेप असतो. यंत्राचे हेड म्हणजे एक बारीक तापणारी पट्टी. ती लेपाला टेकते तिथे अक्षर उमटते. लेपाची बाजू हेडकडे नसेल तर यंत्र कुरकुर न करता कागद पुढे ढकलते, वेळेवर कापते, आणि माणसाच्या हातात पांढरा तुकडा ठेवते. आवाज तोच, वेग तोच, अक्षर मात्र नाही. नवखा माणूस घाबरतो आणि म्हणतो, यंत्र मेले.

मामा घाबरत नसत. त्यांची तपासणीची एक ठरलेली रीत होती. आधी रोल, मग झाकण नीट बसले आहे का, मग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने हेड पुसणे, मग छपाईचा गडदपणा वाढवून बघणे, आणि एवढे करूनही पावती कोरीच आली तर हेडची वायर. या क्रमात त्यांनी कधी बदल केला नाही. नव्या दुकानदारांना ते हा क्रम पाठ करायला लावत आणि शेवटी एक वाक्य जोडत: “आधी कागदाला विचारायचं, मग यंत्राला. माणसाला विचारूच नये. माणूस एकच सांगतो, मी कशालाच हात लावला नाही.” हे ऐकून समोरचे हसत. मामांचे हे वाक्य मी निरनिराळ्या लोकांकडून ऐकले, आणि प्रत्येकाने ते हसतच सांगितले. खिडकीवरच्या मुलीने ते सांगितले तेव्हा ती हसली नाही.

रोल कुठून घ्यावेत असे विचारले की मामांचे उत्तर ठरलेले असे: “माझ्या अक्काकडून.” मोटार गॅरेजांच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराचा एक लांबट गाळा होता. तिथे अक्का आणि तिचा नवरा कागदाचे मोठे रोल आणून, ते कापून, त्यांचे छोटे रोल गुंडाळून विकत. मोठ्या रोलला गाळ्यात ‘हत्ती’ म्हणत आणि छोट्यांना ‘पिल्लं’. अक्काच्या नवऱ्याला मामा दाजी म्हणत. दाजींचा खांदा निकामी झाल्यापासून ते खोकी भरण्यापुरते उरले होते आणि बोलण्यात ती कसर भरून काढत. यंत्र अक्काच चालवी. आई लवकर गेल्यामुळे मामांना लहानाचे मोठे तिनेच केले होते. त्यांचे तंत्रशिक्षण पुरे व्हावे म्हणून तिची शाळा अर्ध्यावर सुटली होती. ही गोष्ट तिने मला सांगितली नाही. मामांनी सांगितली, आणि लगेच विषय बदलला.

हत्ती आला की त्याच्या वरच्या टोकावर नखाने रेघ ओढून लेप बाहेरच्या बाजूला असल्याची खात्री करायची, मगच कागद यंत्रात ओवायचा, हे मामांनीच अक्काला शिकवले होते. ती ते कधी चुकवत नसे.

दवाखाना हे त्या गाळ्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. तिथल्या नोंदणी खिडकीवर प्रत्येक रुग्णाला नंबराची पावती मिळे, आणि भिंतीवरच्या पडद्यावर नंबर झळकला की आत जायचे. त्या खिडकीवर एक मुलगी नव्याने लागली होती. आधी जिथे काम करत होती ते दुकान बंद पडले होते, आणि इथे अजून ती कायम झाली नव्हती. छातीवरची नावाची पट्टीसुद्धा तिची नव्हती. आधीच्या बाईंची होती. कायम झाल्यावर नवी मिळेल असे सांगितले होते. त्यामुळे दिवसभर लोक तिला दुसरीच्याच नावाने हाक मारत, आणि तीही ओ देत असे. घरी मात्र तिने आईला सांगून टाकले होते की नोकरी पक्की झाली.

तिच्या खिडकीतून कोऱ्या पावत्या येऊ लागल्या. पावती कोरी दिसली की ती त्यावर पेनाने नंबर लिहून देई. पण एका गर्दीच्या सकाळी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातात कोरा तुकडा गेला आणि तो तिच्या नजरेतून सुटला. त्यांना ऐकू कमी येत होते. पडद्यावर कुठला नंबर आपला हे कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायला ते संकोचले. दवाखाना बंद व्हायची वेळ आली तरी ते बाकावर तो पांढरा तुकडा दोन्ही हातांनी धरून बसलेले होते. झाडणाऱ्या बाईंनी त्यांना उठवले तेव्हा त्यांना उभे राहवेना. ते पडले असे कुणी सांगते, नुसते भिंतीला टेकले असे मुलगी म्हणते. त्यांना तपासून गाडीने घरी पाठवले, एवढे नक्की. त्यांच्या मुलाने येऊन व्यवस्थापक बाईंच्या टेबलावर तो कोरा तुकडा आपटला, हेही नक्की.

व्यवस्थापक बाईंनी मामांना बोलावले.

मामांनी खिडकीत शिरून यंत्राचे झाकण उघडले आणि त्यांना हवे ते लगेच दिसले. रोल उलटा बसवलेला होता. कागदाचे टोक ज्या बाजूने वर यायला हवे त्याच्या नेमके विरुद्ध बाजूने आलेले. त्यांनी रोल बाहेर काढला, वरच्या पदरावर नखाची रेघ ओढली. काळीभोर उमटली. कागद उत्तम. तोच रोल त्यांनी सरळ बसवला, बटण दाबले, आणि पावती स्वच्छ छापून आली.

“मामा, पण काल मी सरळच घातला होता,” मुलगी म्हणाली. “तेव्हा पण कोरं येत होतं. मग उलटा घालून बघितला तर आलं. कधी असा चालतो, कधी तसा.”

“रोल काय मूडवर चालतो?” मामा हसले. “बाळ, कागद खोटं बोलत नाही. रेघ बघितलीस ना?”

“बघितली. पण तो दुसरा...”

“घाई होते, होतं असं. टोक खालून वर आलं पाहिजे, एवढं ध्यानात ठेव.”

दारात उभ्या असलेल्या व्यवस्थापक बाईंनी विचारले, “म्हणजे यंत्रात काही दोष नाही?”

“यंत्र ठणठणीत आहे.”

“आणि कागदात?”

“कागद एक नंबर. घालण्यात चूक होतेय.”

“बरं झालं तुमच्या तोंडून ऐकलं,” बाई म्हणाल्या. मग मुलीकडे न बघता, जणू हवापाण्याविषयी बोलावे तशा म्हणाल्या, “मग सोमवारपासून दुसरं कुणीतरी बघायला हवं. एका पावतीपायी माणूस जिवानिशी गेला असता.”

मामांनी हे ऐकले. ते कापसाचा बोळा डबीत भरत होते. डबीचे झाकण लावून, पिशवी उचलून ते निघाले. त्या क्षणी काय वाटले असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “वाईट वाटलं. पण चूक ती चूक.” थोड्या वेळाने त्यांनी आपणहून दुरुस्ती केली: “खरं सांगायचं तर काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं.”

दुसऱ्या दिवशी त्यांना बेकरीवाल्याचे बोलावणे आले. हे मामांचे जुने गिऱ्हाईक; माणूस तोंडाने फटकळ पण यंत्राच्या बाबतीत अतिशय नेटका. काउंटरवरचे यंत्र तो रोज सकाळी मऊ फडक्याने पुसत असे.

“या मामा! माझ्या मशीननं मौन धरलंय,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक विचारतं, बिल कोरं आहे तर पावही फुकट समजायचा का?”

मामांनी यंत्राकडे पाहण्याआधीच उत्तर दिले. “रोल उलटा घातलायत.”

“अहो, तुम्हीच शिकवलंत. मी आता डोळे मिटून घालतो.”

“तेच चुकतंय. उघडून घाला.”

झाकण उघडले. रोल सरळ होता. जसा असायला हवा अगदी तसा. मामांनी वरच्या पदरावर रेघ ओढली. काहीच उमटले नाही. नख बोथट झाले असेल म्हणून त्यांनी जोर लावला. कागद टरकन फाटला, पण पांढराच राहिला. मग त्यांनी तो पदर उलटवून आतल्या बाजूने रेघ ओढली. काळी.

“काय झालं?” बेकरीवाल्याने विचारले. “तोंड असं का पडलं? मशीन गेलं का?”

“दुसरा रोल द्या.”

खोक्यातला दुसरा रोल निघाला. त्याच्या बाहेरच्या बाजूला रेघ उमटली. तिसऱ्याच्या नाही. चौथ्याच्याही नाही. एकाच खोक्यात दोन स्वभावांचे रोल होते: काहींचा लेप बाहेर, काहींचा आत. बाहेरून बघून त्यांतला फरक कुणालाही सांगता आला नसता. आतल्या लेपाचा रोल सरळ घातला तर पावती कोरी येणार, आणि उलटा घातला तर छापून येणार. कधी असा, कधी तसा.

मामांनी चारही रोल काउंटरवर ओळीने मांडले. दवाखान्यात काय झाले होते हे आता त्यांच्या डोळ्यांपुढे क्रमाने उभे राहिले. मुलीला आदल्या दिवशी आतल्या लेपाचा रोल मिळाला होता. सरळ घातला, कोरे आले. तिने डोके चालवून उलटा घातला, आणि काम चालू ठेवले. तो संपल्यावर तिने पुढचाही तसाच उलटा घातला. तो नेमका चांगला होता. म्हणून पावत्या पुन्हा कोऱ्या येऊ लागल्या, आणि मामा येऊन उभे राहिले ते नेमके त्या रोलपुढे. त्यांनी तपासलेला रोल खरेच निर्दोष होता. त्यांचा निष्कर्ष त्या एका रोलपुरता बरोबर होता, आणि बाकी सगळ्या बाबतीत चूक.

खोक्यावरचा शिक्का अक्काच्या गाळ्याचा होता.

गाळ्यात ते पोचले तेव्हा यंत्र चालू होते. अक्काने हातानेच बसायची खूण केली. कागद संपेपर्यंत तिने यंत्र थांबवले नाही. ती कधीच थांबवत नसे.

“आज इकडे कसा?” ती म्हणाली. “जेवलास का?”

“अक्का, हा हत्ती कुठला?”

“नवीन कारखान्याचा. जुन्या कारखान्यानं माल पाठवायला उशीर केला, म्हणून दाजींनी हा मागवला. कागद छान आहे, गुळगुळीत.”

“रेघ ओढली होतीस?”

“म्हणजे काय? न बघता ओवते की काय मी? वरच्या टोकाला ओढली. काळी आली. मग चिकटपट्टीचं टोक कापून टाकलं आणि ओवला.”

कोपऱ्यात एक न उघडलेला हत्ती होता. मामा त्याच्यापुढे उकिडवे बसले. वरच्या पदराचे टोक रुंद चिकटपट्टीने बंद केलेले होते. त्यांनी टोकावर नख फिरवले. काळी रेघ. मग त्यांनी बोट कडेवरून फिरवले आणि ते तिथेच थांबले. कागद तिथे दुहेरी लागत होता. वाहतुकीत टोक फाटू नये म्हणून त्या कारखान्याने शेवटची वीतभर पट्टी मागे दुमडून मग चिकटवली होती. दुमडल्यामुळे आतली बाजू वर आली होती, आणि रेघ उमटत होती ती आतल्या बाजूवर. मामांनी चिकटपट्टी सोडवली, घडी उलगडली, आणि तिच्या खालच्या पदरावर नख ओढले. पांढरे.

अक्का त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने खाली वाकून स्वतःच्या नखाने तिथेच रेघ ओढली. मग आणखी एक. मग तिने हात पदराला पुसला, जणू नखाला काही लागले होते.

“जुन्या कारखान्याचं टोक कधी दुमडलेलं नसायचं,” ती म्हणाली.

“नसायचं.”

दाजी खोके भरता भरता थांबले. “म्हणजे आपण शेपटीला विचारलं,” ते म्हणाले, “आणि हत्तीचं उत्तर समजलो.”

जुना हत्ती संपत आला असताना नवा चालू झाला होता, आणि दोघांची पिल्लं एकत्रच खोक्यांत गेली होती. कुठल्या खोक्यात किती, हे आता सांगणे शक्य नव्हते.

“कुठेकुठे गेलीत?” अक्काने विचारले.

“बेकरीत. दवाखान्यात. आणखीही असतील.”

“दवाखान्याला मी फोन करते. म्हणते, जुना साठा परत द्या, नवीन देतो. बोभाटा कशाला?”

“तिथं एका मुलीला काढतायत, अक्का.”

“का?”

“मी सांगितलं म्हणून.”

यानंतरच्या बोलण्याविषयी गाळ्यातल्या तिघांचे मतभेद आहेत. मामा सांगतात की अक्का म्हणाली, रोल खराब निघाले एवढेच सांग, कुणाचे ते सांगायची गरज नाही. अक्का सांगते की तिने असे काही म्हटले नाही. ती एवढेच म्हणाली की कुणी विचारले तर बघू. दाजींना विचारले तर ते म्हणतात, “दोघंही एकाच वेळी बोलत होती. मला फक्त माझं वाक्य आठवतं. मी म्हणालो, विचारणार नाहीत असं कसं? मी असतो तर पहिलं तेच विचारलं असतं.” तिघांच्याही सांगण्यात एक गोष्ट मात्र सारखी आहे: दवाखान्याचे काम गेले तर गाळा चालवणे अवघड होते, हे तिघांनाही माहीत होते, आणि त्या संध्याकाळी ते कुणीही तोंडाने बोलले नाही.

शनिवारी सकाळी मामा दवाखान्यात गेले. खिडकीपुढे रांग होती. मुलगी नेहमीसारखी बसलेली होती. शेजारच्या खुर्चीवर तिने आपला डबा, पाण्याची बाटली आणि खणातल्या सटरफटर वस्तू एका पिशवीत भरून ठेवल्या होत्या. मामांना पाहून तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मामांनी व्यवस्थापक बाईंना खिडकीपाशी यायची विनंती केली. त्या आल्या, पण वैतागून. मामांनी न फोडलेले खोके मागवले, सगळ्यांदेखत उघडले, आणि त्यातले दोन रोल काढले. पहिला सरळ बसवला. पावती छापून आली. दुसरा अगदी तसाच सरळ बसवला. पावती कोरी आली. तो काढून उलटा बसवला, छापून आली.

“हे काय?” बाई म्हणाल्या.

“काही रोल उलटे गुंडाळले गेलेत. हिची काही चूक नाही.”

“मामा, परवा तुम्ही वेगळं सांगितलंत.”

“परवा मी एकच रोल बघितला.”

“एकच बघून सांगितलंत?”

“हो.”

रांगेतून एक गृहस्थ ओरडले, “अहो, निवाडा नंतर करा, आधी नंबर द्या! मी सकाळपासून उभा आहे.” त्यांच्यामागच्या बाई म्हणाल्या, “सकाळपासून कुठले? माझ्यापुढे आत्ता घुसलात.”

मामांनी आवाज चढवला नाही. “रोल जसा निघेल तसा ही घालत होती, म्हणून तुमची खिडकी चालू राहिली,” ते म्हणाले. “त्या दिवशी हिनं मला सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही.”

व्यवस्थापक बाईंनी दोन्ही रोल हातात घेऊन उलटसुलट पाहिले. दोघांत त्यांना काहीच फरक दिसला नाही. मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

“हे येतात कुठून?”

मुलगी सांगते, मामा बराच वेळ गप्प होते. मामा सांगतात, ते लगेच बोलले. मला मुलीचे म्हणणे अधिक पटते, कारण ती त्या वेळी त्यांच्या हाताकडे बघत होती. तिच्या सांगण्यानुसार ते अंगठ्याचे नख दुसऱ्या हाताच्या तळव्यात रुतवून उभे होते.

“माझ्या सख्ख्या बहिणीकडून,” ते म्हणाले. “तुम्हाला तिचं नाव मीच सुचवलं होतं.”

“असं,” बाई म्हणाल्या. एवढा एकच शब्द. मग त्यांनी रोल खिडकीच्या फळीवर ठेवले. “मग हे सगळे घेऊन जा. आणि यंत्रांचंही आम्ही दुसरीकडे बघू.” जाता जाता त्या मुलीला म्हणाल्या, “तू बस.” माफी नाही, खुलासा नाही. ‘सोमवारी ये’ असेही नाही. पण ‘बस’ म्हटले होते, आणि मुलीने पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुन्हा टेबलावर ठेवली.

मामा खोकी उचलायला वाकले. ती यंत्रात चांगला रोल बसवत होती. बसवण्यापूर्वी तिने त्यावर आपल्या नखाने रेघ ओढली.

“मामा,” मान वर न करता ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही रोलशी बोललात. मशीनशी बोललात. मी इथंच बसले होते.”

मग तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

पुढे मी तिला भेटले तेव्हा तिच्या छातीवर तिच्या स्वतःच्या नावाची पट्टी होती. मामांविषयी विचारल्यावर ती बराच विचार करून बोलली. “त्यांनी बहिणीचं नाव घेतलं, ते सोपं नव्हतं. ते मला मान्य आहे. पण आधी माझं नाव घेतलं होतं ना? आणि ते घेताना त्यांना काहीच जड गेलं नव्हतं.” मी हे मामांना सांगावे की नाही असे तिला विचारले. “सांगा की,” ती म्हणाली. मी सांगितले. मामांनी मान हलवली आणि कापसाच्या डबीचे झाकण पुन्हा घट्ट केले, जरी ते घट्टच होते.

दवाखान्यातली, बेकरीतली आणि आणखी चार ठिकाणची खोकी टेंपोने गाळ्यात परत आली. रोल फेकून देणे परवडणारे नव्हते. प्रत्येक पिल्लू तपासून चांगले आणि उलटे वेगळे करायचे, आणि उलट्यांना हाताच्या चक्रीवर पुन्हा उलगडून, लेप बाहेर येईल असे गुंडाळायचे, एवढाच मार्ग होता. मामा रोज दुपारी तिथे जाऊन बसू लागले. त्यांना कुणी बोलावले नव्हते.

अक्का त्यांच्याशी बोलत नव्हती. जे बोलायचे ते दाजींच्या मार्फत. “त्याला म्हणावं, चहा ठेवलाय.” दाजी दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या मेहुण्याला गंभीरपणे सांगत, “चहा ठेवलाय असं कळतं.” मामा म्हणत, “घेतो.” दाजी वळून अक्काला सांगत, “घेतो म्हणतात. साखरेविषयी खुलासा नाही.” एकदा अक्काच्या ओठाचा कोपरा हलला असे दाजी शपथेवर सांगतात. अक्का म्हणते, खोटं आहे.

मी त्या गाळ्यात गेले तो दिवस त्यांच्या कामाच्या मध्यावरचा होता. फरशीवर दोन ढीग होते आणि दोघे भाऊबहीण त्यांच्या दोन बाजूंना बसलेले. मामांचे ते प्रसिद्ध नख मुळापासून मोडलेले होते; इतके रोल त्याने एका वेळी कधी तपासले नव्हते. ते दुसऱ्या अंगठ्याने रेघ ओढण्याचा प्रयत्न करत होते, आणि ती नीट लागत नव्हती. अक्काने कमरेची गाळ्याची किल्ली काढली आणि फरशीवरून त्यांच्याकडे सरकवली. किल्लीच्या कडेनेही रेघ ओढता येते. मामांनी ती घेतली. आभार मानले नाहीत.

त्यांनी तपासून ढिगात टाकलेला प्रत्येक रोल अक्का उचलून पुन्हा स्वतः तपासत होती. मामा ते बघत होते आणि पुढचा रोल उचलत होते. बराच वेळ नुसता कागद घासल्याचा आवाज येत होता, आणि बाहेर कुठल्यातरी गाडीचे इंजिन सुरू होऊन बंद पडत होते.

मग एक रोल मामांच्या हातात अडकला. कुठेतरी उन्हात ठेवला गेला असावा. त्याचा कागद करडा पडला होता, आणि रेघ दोन्ही बाजूंना सारखीच अंधुक दिसत होती. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, डोळ्यांजवळ धरला. त्यांच्या क्रमात यापुढची पायरी नव्हती.

“अक्का,” ते म्हणाले, “तुला काय वाटतं, ही बाजू कुठली?”

दाजींनी हातातले खोके खाली ठेवले आणि बोलायला तोंड उघडले, पण अक्काने त्यांच्याकडे पाहिल्यावर मिटले. मग तिने हातातला रोल बाजूला ठेवला.

“उजेडात धर,” ती म्हणाली.